केंद्र सरकारला प्रश्न, हरकत आणि सूचना: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतल्या एका वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं लॅपटॉप घेऊन बसतो. कुणाला माहिती अधिकाराचा अर्ज भरायचा असतो, तर कुणी व्हॉट्सअॅपवर आलेला सरकारी नियमाचा एखादा मसुदा घेऊन येतं आणि विचारतं, "यावर काही लिहून पाठवता येतं का हो?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. रोख केंद्र सरकारवर आहे, कारण महापालिकेत कुठल्या खिडकीवर जायचं ते पुणेकराला विचारत विचारत सापडतं. दिल्लीचं दार कुठे आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं.

दिल्लीच्या कारभाराशी पुण्यातल्या माणसाचा रोजचा संबंध येतो कुठे?

वाटतं त्याहून जास्त. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट बोर्डं संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. नवले पुलाकडे उतरणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. पीएफ, पासपोर्ट, रेल्वे, टपाल, आयकर ही सगळी केंद्राचीच खाती. मुळशी, मावळ, भोरमधल्या गावांचा पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत समावेश करायचा की नाही, हेही केंद्राचं पर्यावरण मंत्रालय ठरवतं.

सूचना, हरकत, तक्रार आणि माहितीचा अर्ज यांत फरक काय? सगळं एकाच ठिकाणी पाठवलं तर?

वाया जातं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण हीच असते. पेन्शन अडकली, तर ती तक्रार. तिच्यासाठी केंद्राचं सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल आहे. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथली तक्रार साधारण २१ दिवसांत निकाली काढायची असते. उत्तर पटलं नाही तर तिथेच अपील करता येतं. पेन्शनची फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे हवं असेल, तर ती माहिती झाली आणि त्यासाठी माहिती अधिकार. पेन्शनचा नियमच बदलणार असेल आणि त्याचा मसुदा निघाला असेल, तर त्यावर हरकत किंवा सूचना.

माहितीच्या अर्जात तक्रार लिहिली की "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. तक्रारीत माहिती मागितली, तर तीही परत येते. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे अर्ज करा. आमचा अनुभव असा की आधी माहिती काढावी आणि मग तिच्या आधारे तक्रार किंवा हरकत लिहावी. हातात कागद असला की लिहिण्याचा सूरच बदलतो.

मसुदा निघालाय हे मला कळणार कसं? कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

ही तक्रार अगदी रास्त आहे. मसुदे ज्या त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विखुरलेले असतात. काही मायगव्ह या केंद्राच्या लोकसहभागाच्या पोर्टलवर येतात, काही येत नाहीत. भारताचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून छापणं बंद झालं आणि ते फक्त ई-राजपत्र म्हणून निघतं. ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, पण रोज चाळणं कुणाला जमणार? म्हणून आम्ही लोकांना सांगतो की सगळ्या सरकारवर लक्ष ठेवू नका. आपल्या जिव्हाळ्याचं एकच खातं निवडा आणि आठवड्यातून एकदा त्याचं "नवीन काय" पान उघडा. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक फक्त शिक्षण मंत्रालय पाहतात, एक ताई फक्त पर्यावरण. दहा जणांनी दहा खाती वाटून घेतली, तर एका सोसायटीपुरतं काम होतं.

लोकांना मत द्यायला ३० दिवस देणं सरकारवर बंधनकारक आहे ना?

पूर्णपणे नाही, आणि हे नीट समजून घेतलेलं बरं. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्राच्या विधी मंत्रालयानं विधिपूर्व विचारविनिमय धोरण सगळ्या खात्यांना कळवलं. त्यानुसार विधेयकाचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. सोबत तो का आणला, खर्च किती येईल, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल हे थोडक्यात द्यायचं. आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. वाचायला फार चांगलं आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही. खात्याला ते जमत नसेल, तर मंत्रिमंडळासाठीच्या टिपणीत कारणं नोंदवून बाजूला ठेवता येतं. संसदेनं या धोरणाला कायद्याचं बळ द्यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

याहून भक्कम आधार काही नियमांना मिळतो. ज्या कायद्यात "पूर्वप्रसिद्धीनंतर नियम करावेत" असं लिहिलेलं असतं, तिथे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम २३ लागू होतं. मग मसुदा प्रसिद्ध करणं, हरकतींसाठी तारीख देणं आणि आलेल्या हरकतींचा विचार करणं हे कायद्यानंच बंधनकारक होतं. म्हणून मसुदा हाती आला की पहिल्या परिच्छेदात तो कुठल्या कलमाखाली काढला आहे ते पाहा.

मसुदा इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. मी मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल. याबद्दल मनात अजिबात संकोच ठेवू नका. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून द्यायचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, आणि ते केंद्राच्या अधिकाऱ्यालाही देता येतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६ सांगतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज केला जातो त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. पुण्यात ती भाषा मराठी आहे.

व्यवहारात मात्र एक गोष्ट करा. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर मजकुराच्या चौकटीत इंग्रजीत दोन ओळी लिहा आणि पूर्ण मराठी अर्ज पीडीएफ करून जोडा. फाइल १ एमबीच्या आत हवी. टपालानं पाठवत असाल तर हा प्रश्नच येत नाही.

मसुदाच मराठीत का नसावा, हा खरा प्रश्न. २०२० साली प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. टाळेबंदीचे दिवस होते आणि मसुदा फक्त इंग्रजी व हिंदीत होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० रोजी न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा पर्यावरण मंत्री आपल्या पुण्याचेच प्रकाश जावडेकर होते, आणि तरीही हा मसुदा मराठीत वाचायला मिळावा म्हणून झगडावं लागलं. खाणीची धूळ ज्यांच्या अंगणात येणार, धरणाचं पाणी ज्यांच्या शेतात शिरणार, त्यांना कागद वाचताच येत नसेल तर हरकतीची मुदत ६० दिवस काय आणि ६०० दिवस काय. म्हणून हरकत पाठवताना शेवटी एक ओळ जरूर घाला: "हा मसुदा मराठीत उपलब्ध करून त्यानंतर पुन्हा मुदत द्यावी."

हरकत लिहायची कशी? मला कायद्याची भाषा येत नाही.

यायची गरज नाही. वर मसुद्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. राजपत्रात तो "सा.का.नि." किंवा "का.आ." या अक्षरांपुढे दिलेला असतो. मग एकेक कलम घ्या. कलम अमुक यात काय म्हटलंय, त्यानं माझं किंवा माझ्या गावाचं काय होईल, आणि त्याऐवजी कुठले शब्द हवेत. "हा काळा कायदा रद्द करा" या वाक्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. "कलम ७ मध्ये १५ दिवसांऐवजी ४५ दिवस करावेत, कारण आमच्या तालुक्यात तलाठ्याकडून उताराच तीन आठवड्यांनी मिळतो" या वाक्याकडे दुर्लक्ष करायचं, तर त्याला निदान कारण शोधावं लागतं. तुम्हाला जगण्यातून जे माहीत आहे तेच लिहा. वकिलांनी लिहिलेल्या हरकती त्यांच्याकडे पुष्कळ येतात. ओतूरचा कांदा उत्पादक किंवा हडपसरची नर्स काय म्हणते, ते क्वचितच पोहोचतं.

एक पान पुरतं. ईमेल पाठवल्यावर त्याची प्रत आणि तारीख जपून ठेवा, ती पुढे लागते.

एकच मजकूर हजारो लोकांनी पाठवला तर उपयोग होतो का?

कधी कधी फार मोठा होतो. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायनं इंटरनेटवरच्या सेवांबद्दल सल्लामसलत-पत्र काढलं. महिन्याभरात दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यातले बरेचसे एकाच साच्यातले होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं विनियम काढून वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी केली. संख्येनं विषय घराघरात पोहोचला हे खरं. पण त्या मोहिमेमागे मूळ पत्रातल्या प्रश्नांना मुद्देसूद उत्तरं लिहून देणारी माणसं होती, हेही लक्षात ठेवा. साचा वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त त्यात दोन ओळी स्वतःच्या घाला.

माझं नाव, ईमेल सगळ्यांना दिसेल का?

दिसू शकतं. ट्राय सल्लामसलतीत आलेली मतं संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. २०१५ मध्ये त्या लाखो ईमेलसोबत लोकांचे ईमेल पत्तेही उघड झाले होते. उलट, जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा मायगव्हवर आला, तेव्हा आलेली मतं कुणालाही दाखवली जाणार नाहीत असं आधीच जाहीर केलं होतं. दोन्ही टोकं आम्हाला चुकीची वाटतात. माणसाचा पत्ता झाकावा आणि त्याचं म्हणणं उघडं ठेवावं. एखाद्या मोठ्या कंपनीनं सरकारला काय सुचवलं, हे आपल्याला कळायलाच हवं. तोवर सावधगिरी म्हणून हरकतींसाठी वेगळा ईमेल ठेवा आणि आधार क्रमांक कुठेही लिहू नका, त्याची गरज नसते.

मायगव्हवर मत नोंदवलं की काम झालं ना?

नेहमीच नाही. मायगव्ह २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालं. तिथे बोधचिन्हाच्या स्पर्धा असतात, प्रश्नमंजुषा असतात आणि मधूनच एखादा महत्त्वाचा मसुदाही असतो. मसुद्याच्या सूचनेत ईमेल किंवा टपालाचा पत्ता दिला असेल, तर तिथेही पाठवा.

आरटीआय ऑनलाइन अर्जाला काय लागतं?

दहा रुपये आणि पंधरा मिनिटं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना शुल्क माफ आहे, फक्त प्रमाणपत्र जोडावं लागतं. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. चुकीच्या खात्याकडे गेला, तर त्यांनी पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तास. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते.

खऱ्या पोर्टलचा पत्ता "डॉट जीओव्ही डॉट इन" नं संपतो. शोधताना वर येणारी काही खासगी संकेतस्थळं शेकडो रुपये घेऊन हाच अर्ज भरून देतात. आणि केंद्राच्या पोर्टलवर राज्य सरकारचा किंवा महापालिकेचा अर्ज टाकू नका, तो परत येतो आणि दहा रुपये मिळत नाहीत. महाराष्ट्राचं पोर्टल वेगळं आहे आणि तिथे १५० शब्दांची व एकाच विषयाची अट आहे. केंद्राच्या नियमात साधारण ५०० शब्द चालतात.

मी "असं का केलं?" विचारलं आणि अर्ज फेटाळला. आता?

माझ्या पहिल्या अर्जाचं हेच झालं होतं. वडिलांच्या सेवानिवृत्तीच्या रकमेबद्दल एका कार्यालयाला मी पाच प्रश्न विचारले, पाचही "का" नं सुरू होणारे. पाचही परत आले. फार वाईट वाटलं होतं. मग एका जाणत्या गृहस्थांनी शिकवलं की या कायद्यात मत मागायचं नसतं, कागद मागायचा असतो. "उशीर का झाला" असं विचारू नका. "अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेली रोजची कार्यवाही, तो कुठल्या तारखेला कुणाकडे होता त्याची नोंद आणि नस्तीवरील सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. नस्ती म्हणजे फाइल, आणि तिच्यावरच्या टिपण्यांत "का" चं उत्तर बहुधा सापडतं. दुसऱ्या अर्जावर कागद आले आणि पैसेही सुटले.

प्रत्यक्ष फाइल पाहायचीही मुभा आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिला तास मोफत, पुढे तासाला पाच रुपये. प्रतीला पानामागे दोन रुपये. फाइल जाडजूड असेल तर आधी पाहून हवी तेवढीच पानं घ्या.

उत्तरच आलं नाही किंवा अर्धवट आलं तर?

३० दिवसांत प्रथम अपील करा. शुल्क नाही, त्याच पोर्टलवर होतं. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यानं ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, सुनावणी व्हिडिओवरून होते. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. द्वितीय अपिलाला बराच वेळ लागतो, म्हणून प्रथम अपील जीव ओतून लिहा. काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं, तीन रकाने करा.

"ही वैयक्तिक माहिती आहे" असं सांगून हल्ली सारखं नाकारतात.

हो, आणि ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या आधीच्या कलम ८(१)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण कुणाच्या खासगीपणात शिरणारी वैयक्तिक माहितीच रोखता येत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं त्यातले हे तोलणारे शब्द काढून टाकले. वाट मात्र पूर्ण बंद झालेली नाही. कलम ८(२) शाबूत आहे: माहिती उघड करण्यातलं लोकहित मोठं असेल, तर ती देता येते. म्हणून अपिलात हे कलम नाव घेऊन लिहा आणि लोकहित कुठलं ते दोन वाक्यांत मांडा. कारण सांगायचं नसतं हे अर्जापुरतं खरं, पण इथे ते सांगणं आपल्याच फायद्याचं असतं.

एवढं करून खरंच काही हलतं का?

एक गोष्ट सांगतो, ती पुण्याच्या माणसाशी जोडलेली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला, आणि तो दडून राहिला. केरळातल्या एका नागरिकानं माहिती अधिकारात मागितला, तर मंत्रालयानं नाकारला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं तो उघड करा म्हणून आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मे २०१२ रोजी तिथे हरलं. त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. ज्या गावांबद्दल तो होता, त्या गावांना तो तेव्हा कुठे वाचता येण्याजोगा झाला.

पुढची गोष्ट तितकी सुखाची नाही. घाटाला संवेदनशील क्षेत्र ठरवणारा पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा. या सहाव्यात एकूण सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. प्रत्येक वेळी ६० दिवस हरकती आणि मग मुदत संपली की नवा मसुदा. मावळातले एक शेतकरी काका दर वेळी आमच्याकडे येऊन तीच हरकत नव्या तारखेनं पाठवतात. त्यांना वाटतं की नाव लागलं तर घर दुरुस्त करता येणार नाही. मसुदा वाचून दाखवला तेव्हा खाणी, मोठी बांधकामं, प्रदूषण करणारे कारखाने यांवर रोख आहे हे कळलं. मग त्यांनी हरकत बदलली आणि डोंगर फोडणारी खाण बंद व्हावी असं लिहिलं. ते त्यांना दहा वर्षांपूर्वी मराठीत कुणी सांगितलं असतं तर!

अर्ज केला म्हणून कुणी त्रास दिला तर?

भीती खोटी नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत होऊनही अमलात आणलेला नाही. जमीन, वाळू, बांधकाम अशा विषयांवर एकट्यानं अर्ज करू नका. तीच माहिती वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच जणांनी मागावी. घरच्या पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक देता येतो. मिळालेली कागदपत्रं लगेच अनेकांकडे पोहोचवा.

खासदारांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि हा मार्ग फार कमी लोक वापरतात. खासदारानं विचारलेल्या अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर मंत्र्यांना द्यावं लागतं आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं. अर्ज करण्याआधी तिथे शोधा, कित्येकदा हवी ती आकडेवारी आधीच पडलेली असते. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, तर समिती बऱ्याचदा लोकांकडून निवेदनं मागवते. तिथे एखाद्या विषयातल्या जाणकारानं लिहिलेली दोन पानं खासदार खरोखर वाचतात.

मी अजून एकही अर्ज केलेला नाही. सुरुवात कशापासून करू?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालचा पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात दिला गेला, असं सांगतात. तुमचा पहिला अर्ज सोपा असू द्या. ज्या मसुद्यावर तुम्ही हरकत पाठवली होती, त्याच मंत्रालयाला विचारा. मजकूर असा लिहिता येईल:

"आपल्या मंत्रालयानं दिनांक अमुक रोजी प्रसिद्ध केलेल्या मसुदा अधिसूचना क्रमांक अमुक याबाबत पुढील माहिती मिळावी. एक, मुदतीत आलेल्या हरकती व सूचनांची एकूण संख्या आणि त्यांपैकी मराठीत आलेल्यांची संख्या. दोन, त्या हरकतींचा तयार केलेला गोषवारा. तीन, हरकतींवर विचार झालेल्या बैठकांची इतिवृत्तं आणि नस्तीवरील टिपण्यांच्या प्रती. चार, मी दिनांक अमुक रोजी ईमेलनं पाठवलेल्या हरकतीचा नोंदणी क्रमांक."

चौथा मुद्दा वगळू नका. तो क्रमांक सापडला नाही, तर तुमच्या हरकतीची नोंदच नाही हे त्यांना लेखी कळवावं लागतं, आणि प्रथम अपील तिथून सुरू होतं.